साडेसहा वर्षांचा मुलगा, दोन महिन्यांची सुट्टी आणि दर रविवारचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा साडेसहा वर्षांचा, जूनमध्ये दुसरीत जाणार. राहायला पुण्यात, कर्वेनगरला. दोघांच्याही नोकऱ्या, दिवसा घरी आजी. पोहण्याच्या आणि चित्रकलेच्या वर्गाचे पैसे भरून झालेत. दर रविवारी तुम्ही त्याला नव्या ठिकाणी नेता. वॉटर पार्क झालं, मॉलमधला गेम झोन झाला, पानशेतकडचं रिसॉर्ट झालं. आणि प्रत्येक ठिकाणी तासाभरात तो "घरी जाऊ या" म्हणतो, नाहीतर मोबाईल मागतो. आता कुठे न्यावं, कोणता छंद लावावा, की सरळ निवासी शिबिरात घालून मोकळं व्हावं?

मी बरीच वर्षं पाच ते दहा वयाच्या मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना टेकड्यांवर, बागांमध्ये, जवळपासच्या लेण्यांत फिरवते. माझा मुलगा आता कॉलेजात आहे, म्हणजे घरचं प्रात्यक्षिकही होऊन गेलंय. तुमची यादी वाचून मला मुलाची काळजी वाटली नाही. वाटलं ते हे, की या सगळ्या जागांमध्ये मुलाने काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि बापाला करण्यासारखं काहीच नसतं. तो घसरगुंडीवर, तुम्ही पिशव्या आणि चपला सांभाळत बाकावर. शिवाय रविवारी जे पाहिलं त्याचा सोमवारच्या घराशी काही संबंध उरत नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा नवी जागा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोठ्या माणसाला बदल हवा असतो, कारण आपला आठवडा एकसुरी जातो. साडेसहा वर्षांच्या मुलाला ओळखीची जागा हवी असते, म्हणजे तिथे काल काय होतं आणि आज काय बदललंय हे त्याला कळतं.

म्हणून माझं उत्तर तुमच्या प्रश्नाच्या उलट्या टोकाने सुरू होतं. आधी रोजचा वीस मिनिटांचा छंद, मग त्यातून निघालेली सहल. जागा शोधायचं काम शेवटचं.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळ्या घरांना एकच माप लागू होत नाही. मूल गर्दीला आणि मोठ्या आवाजाला बिचकत असेल, तर वॉटर पार्क त्याला शिक्षाच वाटणार; त्यात हट्टीपणा नाही. चार वर्षांच्या मुलाकडून साडेसहाच्या मुलाएवढं चालणं होत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात सकाळी आठनंतर बाहेर नेण्याचा विचारच करू नये. पुण्यात नऊपर्यंत चालतं. मुंबईकरांना टेकडीऐवजी समुद्र आहे; अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी लांबवर जाते, तेव्हा खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांत खेकडे, शंख, छोटे मासे बघता येतात, फक्त भरतीची वेळ आधी बघून ठेवायची. सोसायटीत मुलांचा घोळका असेल तर तुमचं अर्धं काम तो घोळकाच करतो. एकटं घर असेल तर तुम्हाला जास्त वेळ काढावा लागेल. आणि आईबाबांपैकी एकटंच कुणी सगळं ओढत असेल, तर पुढचं निम्मं सोडून द्यावं, काही बिघडत नाही.

तुम्ही कर्वेनगरला राहता म्हणजे वेताळ टेकडी हाकेच्या अंतरावर आहे. एक महिना दर शनिवारी तिथेच जा. हो, तिथेच. सकाळी सहाला घर सोडायचं, साडेआठला उतरायला लागायचं. शिखर गाठायचं नाही, व्यायाम म्हणून चालायचं नाही, पावलं मोजायची नाहीत. या वयाचं मूल सरळ रेषेत चालत नाही. ते थांबतं, मागे जातं, बसतं, खडे उचलतं. तासाला दीड किलोमीटर झाला तरी पुष्कळ झाला असं धरून निघा, म्हणजे तुमचीही चिडचिड होणार नाही.

पहिल्या शनिवारी त्याला काही शिकवू नका. दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट दाखवा. मी नवीन मुलांना सगळ्यात आधी पक्षी दाखवत नाही, कारण पक्षी उडून जातो, दुर्बीण त्या वयाच्या डोळ्यांना नीट बसत नाही आणि "कुठे? कुठे?" करत मूल रडकुंडीला येतं. मी जमिनीवर बसवते. उन्हाळ्यात टेकडीवरच्या भुसभुशीत मातीत, दगडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला, नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. ती मुंगीसिंहाची घरं. खड्ड्याच्या तळाशी मातीत एक अळी लपलेली असते. मुंगी काठावरून घसरली की ती खालून माती उडवते आणि मुंगी आणखी खाली येते. पुढे याच अळीचा चतुरासारखा दिसणारा पंखवाला किडा होतो. गवताच्या काडीने खड्ड्याच्या कडेची माती हळूच खाली पाडली की तळाशी हालचाल दिसते. मी आजवर असं मूल पाहिलेलं नाही जे यापुढे दहा मिनिटं बसलं नाही. बाबा लोकही बसतात, आणि मोबाईलवर बोलत उभे असलेले बाबा फोन ठेवून बसतात, हे मी मुद्दाम सांगते.

पुढच्या शनिवारी तेच खड्डे शोधायला जायचं. कुठले आहेत, कुठले मोडले, नवे कुठे झाले. झाली की ओळखीची जागा तयार.

एप्रिल-मे हा टेकडी बघायला वाईट काळ आहे असं लोक समजतात, कारण हिरवं काही नसतं. माझ्या मते लहान मुलांसाठी हाच बरा. गवत वाळलेलं असल्याने जमीन दिसते, पानं कमी असल्याने घरटी दिसतात, आणि बियांचा तर सुकाळ असतो. काटेसावरीची बोंडं फुटून कापूस उडत असतो. वावळाच्या झाडाखाली पातळ, गोल, कागदी चकत्यांचा थर पडलेला असतो. मधोमध एक बी. ओंजळभर चकत्या उंचावरून सोडल्या की त्या गिरक्या घेत उतरतात, आणि बी सोलून खाल्ली तर खोबऱ्याच्या जवळपासची चव लागते. बहाव्याला पिवळी झुंबरं लागलेली असतात आणि त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या काळ्या, लांब शेंगाही लटकत असतात. गुलमोहराची वाळकी शेंग म्हणजे फुकटातला खुळखुळा. रस्त्याकडेला ताम्हणाची जांभळी फुलं दिसतील. ते आपलं राज्यफूल आहे, पण रोज त्याखालून गाडी काढणाऱ्या मोठ्यांनाही ते माहीत नसतं.

इथून पहिला रोजचा छंद निघतो: बिया जमवणं. खर्च शून्य. अंड्याचा कागदी ट्रे घ्या, प्रत्येक खळग्यात एका झाडाची बी. चिंचोके, करंज, बहावा, रिठा, सागरगोटा, सीताफळ, रामफळ, काळ्या पाठीची कलिंगडाची बी. घरी खाल्लेल्या फळाची बी आणि टेकडीवरची बी एकाच ट्रेमध्ये बसली की रविवार आणि सोमवार जोडले जातात. चिंचोके फोडून पटावरच्या खेळाला वापरता येतात. आजीला विचारा, त्या सांगतील. सागरगोट्यांचा खेळही त्याच शिकवतील. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. गुंजेच्या लाल-काळ्या बिया, एरंड, आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना आपण बिट्टी म्हणतो आणि आपल्यापैकी कित्येक जण लहानपणी ज्यांनी खेळले, त्या विषारी आहेत. त्या ट्रेमध्ये नकोतच, आणि घरात रांगतं भावंड असेल तर बियांचा सगळा ट्रेच उंचावर. मुलाला नियम एकच: बाबांना दाखवल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, वावळाची बीसुद्धा.

दुसरा छंद, बाल्कनीतलं पाण्याचं भांडं. मातीची पसरट परळ, सावलीत, दोन बोटं पाणी. रोज सकाळी घासून पाणी बदलणं हे त्याचं काम, तुमचं नाही. पाणी साचू दिलं तर डास होतात, म्हणून रोज हा शब्द महत्त्वाचा. पहिले आठ-दहा दिवस कुणी फिरकणार नाही. मुलाचा धीर सुटेल, तुमचाही सुटेल. मग बहुधा आधी कावळा येईल, पोळीचा तुकडा भिजवून खाईल आणि पाणी घाण करून जाईल. चालेल, तोही पाहुणाच. बुलबुल, होला, दयाळ नंतर येतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात जिथे आपण दुधाचा हिशेब लिहितो, त्या चौकटीत रोज त्याने एक चिन्ह काढायचं: कावळ्यासाठी क, बुलबुलासाठी ब, कुणीच नाही आलं तर फुली. एवढंच. निबंध नको, "निसर्ग-नोंदवही" वगैरे नावं नकोत. वहीचं ओझं झालं की छंदाचा गृहपाठ होतो.

याच दिवसांत कावळ्यांची घरटी बांधणं चालू असतं. काड्या आणि तारांचे तुकडे चोचीत घेऊन ते एकाच दिशेला जाताना दिसतात. कोकिळेचा कुहू-कुहू जोरात असतो तोही याच दिवसांत, कारण अंडं कावळ्याच्या घरट्यात घालायचं असतं. काळा कुळकुळीत असतो तो नर, आणि गातो तोच. ठिपक्यांची मादी वेगळीच दिसते. गच्चीवर संध्याकाळी वीस मिनिटं बसलात तर हे सगळं नाटक तिकीट न काढता दिसतं. दुपारी शांततेत तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक-टुक-टुक असा एकसारखा आवाज येतो तो तांबट. तो ऐकायला आजीला आणि मुलाला एकत्र बसवा, दुपारचा एक तास निघतो.

पेरणी करायची असेल तर मेथी पेरा. तीन-चार दिवसांत मोड वर येतो, तीन-चार आठवड्यांत भाजी होते. टोमॅटो, मिरची नको. तीन महिने वाट बघणं या वयात होत नाही. आमरसाच्या दिवशीची कोय फोडून आतली बी ओल्या मातीत लावली, तर दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचं रोप येतं. त्यासाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या पुरतात, खाली दोन भोकं पाडायची.

आता तुमच्यासारख्या कामावर जाणाऱ्या बापाला शोभणारा एक प्रकार सांगते, जो मला स्वतःला सगळ्यात आवडतो. पुण्यात 13-14 मेच्या सुमारास दुपारी साधारण 12 वाजून 31 मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गायब होते. शून्य सावलीचा दिवस. कोल्हापूरला तो 6-7 मेच्या आसपास, मुंबईला 15-16 मेच्या सुमारास, नागपूरला 26 मेच्या सुमारास येतो. जितकं उत्तरेला जाल तितकी तारीख पुढे. पण गंमत एका दिवसाची नाही. एप्रिलच्या शेवटापासून सुरुवात करा. गच्चीवर एक सरळ उभा डबा ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी साडेबाराला त्याच्या सावलीचं टोक खडूने आखा. तुम्ही ऑफिसात असाल त्या दिवशी आजी आणि तो आखतील, संध्याकाळी तुम्हाला दाखवतील. सावली उत्तरेकडे पडलेली दिसेल आणि दर खेपेला आखूड होत जाईल. मग एक दिवस नाहीशी होईल. आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी बघितलंत तर ती दक्षिणेकडून बाहेर निघालेली असेल! आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ दुपारची सावली उत्तरेला असते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र ती उलट पडते. हे मी कित्येक इंजिनियर बाबांना गच्चीवर प्रथमच कळताना पाहिलंय. दुसरा शून्य सावलीचा दिवस जुलैच्या शेवटी येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून मे महिन्यातला सोडू नका. पायात चपला, डोक्यावर टोपी, आणि दोन-तीन मिनिटांत खाली.

सायकल येते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर बाजूची छोटी चाकं काढून टाका आणि पेडलही काढा. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय पूर्ण टेकतील. तो पायाने ढकलत, उतारावर पाय उचलून जात राहील. तोल सापडला की पेडल परत लावायचे. मागे धरून पळायची वेळ येत नाही. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या बाजूच्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवा नेहमीसारखा सुटतो, डावा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. जोर लावून आटे खराब करणारे बाबा पुष्कळ भेटतात.

दुपारचा वेळ सगळ्यांना खायला उठतो. अकरा ते साडेचार बाहेर पडायचं नाही हे पक्कं. तेव्हा आजी हा तुमचा खरा आधार आहे, पण त्यांना नुसतं "त्याच्याकडे बघा" म्हणू नका, दोघांना मिळून काम द्या. पापडाच्या लाट्या करणं, कुरडयांचा चीक ढवळताना शेजारी बसून तो खाणं, गच्चीवरच्या वाळवणाची सावलीत बसून राखण करणं, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर काढणं. पूर्वी हे मुलांना कुणी "अ‍ॅक्टिव्हिटी" म्हणून दिलं नव्हतं, घरात हात हवे असायचे म्हणून मुलं कामाला लागायची. आजही मुलाला खोटं काम दिलं तर लगेच कळतं. राखण करताना खरोखर कावळा आला पाहिजे. हाताला चाळा हवा असेल तर अरविंद गुप्तांची खेळणी बघा. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करणं हे साडेसहाच्या बोटांना जमतं. आगकाड्यांचा गुल मात्र आधी तुम्ही खरवडून द्या.

आणि "कंटाळा आला" असं तो म्हणाला की लगेच काहीतरी पुढे करू नका. "बरं" म्हणा आणि आपलं काम करत राहा. वीसेक मिनिटं वाईट जातात. त्यानंतर तो उशांचा किल्ला तरी करतो, नाहीतर फरशीवर मुंग्यांच्या मागे तरी जातो. या वीस मिनिटांत आपणच मोबाईल देऊन बसतो, खरी अडचण ती आहे.

मोठ्या सहली महिन्यातून एक-दोनच, आणि त्याला काय आवडायला लागलंय ते बघून. गाड्यांचं वेड असेल तर पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला जा. शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. ही यादी तोंडपाठ करून फलक आला की ओरडायचं, यातच अर्धी सहल वसूल होते. आधी आठवडाभर रोज झोपताना दोन-दोन स्टेशनं पाठ करा. हाच तो रोजचा छंद. पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट लागतं, ते त्याच्याच हातात द्या. मळवलीहून भाजे गाव चालत गाठता येतं. वर 22 लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली. त्या वयाला शतकं सांगून उपयोग नाही. त्याला सांगा, इथे एका ठिकाणी 14 स्तूप दाटीवाटीने आहेत, काही आत आणि काही बाहेर, शोध आणि मोज. मुलं तीन-तीनदा मोजतात आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. पहिल्या लोकलने जा, दहाच्या आत पायऱ्या उतरा. दुपारी या मार्गावर गाड्या विरळ असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. आणि कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तर तुमच्या घरामागेच आहे. मळवलीनंतर न्या, आधी नको. खरी गाडी पाहिलेलं मूल त्या चालत्या नमुन्यातला सिग्नल ओळखतं.

चढायची आवड दिसली तर आधी पर्वतीच्या 103 पायऱ्या, मग वेताळ टेकडीचा वरचा भाग, आणि सिंहगड सगळ्यात शेवटी. पहाटे आतकरवाडीतून चढायचं, वर दही आणि पिठलं-भाकरी. थकला तर खाली यायला वरून गाड्या मिळतात, त्यामुळे हट्टाने चढवू नका. जुन्या वस्तूंत रमणारा असेल तर बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. नावातला राजा म्हणजे दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. तिथे सगळं बघायला जाऊ नका. आज फक्त दिवे, पुढच्या वेळी फक्त अडकित्ते. "यातला कुठला अडकित्ता तुला हवा?" एवढा एकच प्रश्न पुरतो. घरी आल्यावर आजीचा अडकित्ता काढा.

काजवे बघायला न्यावं का, हे मला दर मे महिन्यात विचारतात. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत ते दिसतात आणि दृश्य विलक्षण असतं. पण काजवे लुकलुकतात ते जोडीदारासाठी. शनिवारी रात्री गाड्यांचे दिवे आणि टॉर्च यांनी त्यात व्यत्यय येतो, आणि तुम्ही मात्र पहाटे दोनपर्यंत ट्रॅफिकमध्ये झोपलेलं मूल मांडीवर घेऊन बसता. मधल्या वाराला मुक्कामी जाणं जमत असेल तर जा. नाहीतर दोन वर्षं थांबा.

धरण, नदी, खाणीतलं पाणी यांच्याबाबत मी कडक आहे. खडकवासला असो की पानशेत, कडेला उथळ दिसणारा तळ चिखलाचा असतो आणि अचानक खोल जातो. पोहण्याच्या वर्गात दोन महिने काढलेलं मूल तिथे सुरक्षित नसतं. टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या काठालाही हात धरूनच जायचं.

दुसरी काळजी मधमाश्यांची. लेण्यांच्या कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असतं. दिसलं की आवाज न करता लांबून जायचं. त्या दिवशी अत्तर, डिओ नको, आणि जवळपास कुणी धूर करत असेल तर आपणच माघारी फिरायचं. उन्हाचं म्हणाल तर तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी. सोबत काकडी, खजूर, दशमी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मूल अचानक गप्प किंवा चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळ झाली, तर सहल तिथेच संपली असं समजा. सावली, ओला रुमाल मानेवर, घोट-घोट पाणी, आणि उतरलं नाही तर सरळ डॉक्टर.

मोबाईलबद्दल लांबलचक काही नाही. बाहेर असताना तो तुमच्याही पिशवीत राहिला पाहिजे. दर पाच पावलांवर फोटो काढणाऱ्या बापाने मुलाला "मोबाईल नको" म्हणणं हास्यास्पद दिसतं. पक्ष्याचं नाव कळलं नाही तर घरी येऊन दोघांनी मिळून शोधा.

तुमच्या घरचा आठवडा मग साधारण असा दिसेल: सकाळी परळीचं पाणी आणि कॅलेंडरातली खूण, दुपारी आजीबरोबर काम, संध्याकाळी तुम्ही आल्यावर वीस मिनिटं गच्ची किंवा सायकल. शनिवारी टेकडी. रविवार मोकळा, झोपायला, मावशीकडे जायला, काहीच न करायला. रविवार मोकळा ठेवणं तुम्हाला जड जाईल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. आणि तुमची स्वतःची काही आवड असेल, पतंग, कॅरम, जुनी नाणी, स्कूटर खोलून बसवणं, तर वर लिहिलेलं अर्धं पुसून ती घाला. बापाला मनापासून मजा येतेय हे मुलाला जितकं ओढून घेतं, तितकं माझ्या बिया ओढणार नाहीत.

राहिले वर्ग आणि शिबिर. पोहण्याचा वर्ग चालू ठेवा, ते कौशल्य आहे आणि उन्हाळ्यात अंगाला बरं वाटतं. चित्रकलेला तो रडत जात असेल तर पैसे गेले समजून सोडून द्या. घरी खडू आहेतच, गच्चीवर सावली आखायला लागतील. निवासी शिबिराला साडेसहा हे वय मला लहान वाटतं. आठ-नऊला, त्याच्या ओळखीचं एखादं मूल बरोबर असताना, दोन रात्रींपासून सुरुवात करा. तोपर्यंत एखाद्या शनिवारी त्याच्याच सोसायटीतली दोन मुलं तुमच्याबरोबर टेकडीवर न्या. मुंगीसिंहाचे खड्डे त्यांना तोच दाखवेल, तुम्ही फक्त पाण्याची बाटली धरा.